बुचापासून फोमपर्यंत : तरंगत्या पोशाखाचा इतिहास

राजापूर तालुक्यातील नाटे हे गाव जैतापूरच्या खाडीच्या मुखाजवळ वसलेले आहे. गावात यशवंतगड आणि शेजारी साखरी नाटे येथील मच्छीमारांची वस्ती. पावसाळ्यातील मासेमारीबंदी संपली की नौका पुन्हा समुद्रात जाऊ लागतात. जाळी, बर्फ, डिझेल, पिण्याचे पाणी आणि शिधा नौकेत चढतो. कोकणातल्या कोणत्याही बंदरात अशा वेळी पाहिले, तर केशरी रंगाची जीवरक्षक जाकिटेही नौकेत असतात. पण बहुधा ती कोणाच्या अंगावर नसतात. केबिनमध्ये किंवा फळीखाली ती रचून ठेवलेली असतात.

आता दुसरे चित्र पाहू. फिनलंड, नॉर्वे, कॅनडा या देशांत हिवाळ्यात सरोवरे गोठतात. बर्फाच्या थराला गिरमिटाने भोक पाडून, त्यातून गळ सोडून लोक तासन् तास बसतात. त्यांतील अनेकांच्या अंगावर एक जाड पोशाख असतो. तो उबदार असतो, पाणी आत येऊ देत नाही आणि बर्फ फुटून माणूस पाण्यात पडलाच तर त्याला तरंगत ठेवतो. हा पोशाख ते घरून निघतानाच चढवतात.

दोघांपुढचा धोका एकच, पाण्यात पडण्याचा. मग एकाचा पोशाख अंगावर आणि दुसऱ्याचा फळीखाली, असे का? ‘आपले लोक निष्काळजी’ असे म्हणून हा प्रश्न निकालात काढणे सोपे आहे. तरंगत्या पोशाखाचा इतिहास मात्र वेगळे उत्तर देतो, आणि ते उत्तर वर्गात सांगण्याजोगे आहे.

थोडीशी हवा

फुप्फुसांत हवा भरलेली असताना माणसाचे शरीर पाण्यात जेमतेम तरंगते. अडचण अशी, की तरंगताना नाक पाण्याबाहेर राहीलच असे नाही. डोके पाण्याबाहेर ठेवायचे म्हणजे त्याचे चार-पाच किलो वजन पाण्याने नव्हे, दुसऱ्या कशाने तरी पेलले पाहिजे. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार एक लिटर पाणी बाजूला सारणारी, बूच घट्ट लावलेली रिकामी बाटली सुमारे एक किलो वजन उचलून धरते. म्हणजे अशा पाच बाटल्या पुरेशा झाल्या! शांत पाण्यात जीव वाचवायला लागणारी हवा ती एवढीच.

हे तत्त्व आपल्या पूर्वजांना सूत्रावाचून ठाऊक होते. वाळलेले भोपळे पाठीला बांधून मुले पोहायला शिकत. भोपळ्यांची सांगड करून लोक नदी ओलांडत. वाळलेला भोपळा म्हणजे निसर्गाने तयार केलेली बंद बाटलीच. मात्र भोपळा बांधून वल्हे मारता येत नाही की जाळे ओढता येत नाही. पुढच्या दोनशे वर्षांचा इतिहास या अडचणीभोवतीच फिरतो.

वल्हेकऱ्याचे जाकीट

इंग्लंडच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांतील माणसे वाचवण्यासाठी वल्ह्यांच्या जीवरक्षक नौका असत. त्या चालवणाऱ्या संस्थेचे निरीक्षक कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ साली बुचाचे जाकीट तयार केले. बूच म्हणजे भूमध्य सागराजवळच्या एका जातीच्या ओक वृक्षाची साल. तिच्यातील सूक्ष्म बंद पेशींत हवा भरलेली असते, म्हणून ती पाण्याच्या सुमारे पंचमांश घनतेची असते. बुचाचे तरंगणे काही नवे नव्हते. वॉर्ड यांचे कौशल्य वेगळे होते. त्यांनी बुचाच्या अरुंद पट्ट्या कॅनव्हासवर शिवल्या, त्यामुळे जाकीट अंगाबरोबर वाकू लागले. माणसाला ते घालून वल्हे मारता येऊ लागले.

९ फेब्रुवारी १८६१ रोजी व्हिटबी या बंदरात मोठे वादळ झाले. त्या दिवशी अनेकांना वाचवून पुन्हा बाहेर पडलेली जीवरक्षक नौका उलटली. तेरा जणांपैकी बारा बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन, आणि नवे बुचाचे जाकीट अंगावर असलेला तो एकटाच होता. एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडू नये हे खरे. तरी या घटनेने त्या जाकिटाची उपयुक्तता लोकांना पटली.

बूच कडक आणि बोजड. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या जोडीला कापोक आला. कोकणातल्या आपल्या काटेसावरीच्या नात्यातल्या, पांढऱ्या सावरीच्या बोंडांतला हा कापूस. त्याचा प्रत्येक तंतू पोकळ नळीसारखा असतो आणि वर मेणासारखा थर असतो, म्हणून त्यात पाणी सहज शिरत नाही. आपल्या वजनाच्या सुमारे तीसपट भार तो पाण्यात पेलतो. मात्र दाबला गेला की नळ्या चेपतात, आणि तेल लागले की मेणाच्या थराचा उपयोग राहत नाही. इंजिनाच्या तेलात माखणाऱ्या नौकेवर हा दोष लहान नव्हे.

तरंगले, पण वाचले नाहीत

१५ एप्रिल १९१२ च्या पहाटे टायटॅनिक बुडाले. जहाजावर सुमारे २,२०० माणसे होती आणि बुचाची जाकिटे होती ३,५६०. नौका अपुऱ्या होत्या, पण जाकिटे सर्वांना पुरून उरली असती. तरीही पंधराशेहून अधिक माणसे मेली. त्यांतील कितीतरी जण जाकीट घालून पाण्यावर तरंगत होते. पाण्याचे तापमान शून्याखाली दोन अंशांच्या आसपास होते. जहाज २ वाजून २० मिनिटांनी बुडाले आणि मदतीचे जहाज पोहोचले ते चारच्या सुमारास. तोवर बहुतेकांचे प्राण थंडीने घेतले होते.

थंड पाणी माणसाला कसे मारते? पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे पंचवीसपट आहे. म्हणून शून्य अंशाच्या हवेत आपण फिरू शकतो, पण शून्य अंशाच्या पाण्यात टिकत नाही. त्यातही मृत्यू टप्प्याटप्प्याने येतो. पहिल्या दोन-तीन मिनिटांत त्वचेला बसलेल्या थंडीच्या धक्क्याने श्वास आवरत नाही, धाप लागते. त्याच वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. त्यानंतरच्या दहा-वीस मिनिटांत हातापायांचे स्नायू आणि नसा गारठतात, बोटांनी दोर धरता येत नाही. शरीराच्या गाभ्याचे तापमान घातक पातळीवर यायला मात्र अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो.

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. बर्फावरच्या मच्छीमाराला पाण्यात पडल्यावर जाकीट शोधायला वेळच नसतो. गारठलेल्या बोटांनी त्याला बक्कलही लावता येणार नाही. पोशाख आधीपासून अंगावर असेल तरच त्याचा उपयोग.

दुसऱ्या महायुद्धात आणखी एक उणीव पुढे आली. समुद्रात पडलेला वैमानिक पुष्कळदा बेशुद्ध असे. पालथा पडला तर जाकीट त्याला पालथाच तरंगत ठेवी! एडगर पास्क या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने यावर जे प्रयोग केले ते विज्ञानाच्या इतिहासात विरळाच. त्याने स्वतःला पूर्ण भूल देववली आणि निरनिराळी जाकिटे घालून आपला निश्चेष्ट देह पाण्यात सोडायला सांगितले. कोणते जाकीट तोंड वर करते आणि कोणते करत नाही, हे सहकारी नोंदवत. उत्प्लावक बल छातीच्या आणि मानेच्या बाजूला एकवटले, तर शरीराचा गुरुत्वमध्य खाली जाऊन माणूस आपोआप उताणा होतो. जाकिटाचा पुढचा भाग आणि गळपट्टा जाड का असतो, याचे कारण हे आहे.

एकाच बुडबुड्याची दोन कामे

ऊब आणि तरंगणे ही दोन कामे एकाच वस्त्राकडे कशी आली? महायुद्धानंतर बंद पेशींचा फोम स्वस्तात मिळू लागला. रबर किंवा प्लॅस्टिक यांच्यात वायूचे लाखो बुडबुडे कोंडलेले असतात आणि प्रत्येक बुडबुडा शेजारच्यापासून वेगळा असतो. असा फोम फाटला तरी त्यात पाणी भरत नाही. कोंडलेला वायू हलका म्हणून तो तरंगवतो, आणि उष्णतेचा मंद वाहक म्हणून ऊबही देतो. लोकरीतही हवा कोंडलेली असते, पण लोकर भिजली की हवेची जागा पाणी घेते. फोममध्ये तसे होत नाही.

कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठात हेवर्ड, एकरसन आणि कॉलिस यांनी १९७० च्या दशकात स्वयंसेवकांना थंड पाण्यात उतरवून मोजमापे घेतली. थंड पाण्यात पोहत राहिल्यास शरीर स्थिर तरंगण्यापेक्षा सुमारे एक-तृतीयांश अधिक वेगाने थंड होते, असे त्यांना आढळले. डोके, मान, छातीच्या बाजू आणि जांघा येथून उष्णता अधिक जाते, हेही दिसले. म्हणून त्यांनी जांघांभोवती ओढून बसवता येईल असा फोमचा पट्टा असलेले जाकीट तयार केले. थंड देशांतले आजचे अखंड तरंगते पोशाख याच विचाराचे आहेत.

असा पोशाख निवडताना काय पाहतात? पहिली गोष्ट म्हणजे त्यावर लिहिलेले उत्प्लावक बल. ५० न्यूटन म्हणजे सुमारे पाच किलो वजन उचलण्याची क्षमता. ती शुद्धीवर असलेल्या माणसाला पुरते. बेशुद्ध माणसाला उताणे करण्याची खात्री मात्र त्यात नसते. दुसरी गोष्ट मनगट, घोटे आणि मान यांची घट्ट बंदिस्ती. पोशाख सैल असेल तर आत गरम झालेले पाणी सारखे बाहेर जाऊन थंड पाणी येत राहते. तिसरी गोष्ट कापड पाणी अडवणारे, पण घामाची वाफ बाहेर सोडणारे असणे. घामाने आतून भिजलेला माणूस पाण्यात न पडताही गारठतो. गळ्यात दोन अणकुचीदार खिळे अडकवलेले असतात ते बर्फाच्या निसरड्या काठावर रोवून वर येण्यासाठी. फोम जुना झाला की चेपतो, म्हणून पोशाख उथळ पाण्यात अधूनमधून तपासावा लागतो.

जहाज सोडून पाण्यात उतरण्यासाठी याहून वेगळा पोशाख असतो. तो पायापासून डोक्यापर्यंत झाकतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार उष्णतारोधक पोशाख दोन मिनिटांत चढवता आला पाहिजे, आणि शून्य ते दोन अंशांच्या पाण्यात सहा तास राहूनही शरीराचे तापमान दोन अंशांहून अधिक घसरता कामा नये. कोकणातून व्यापारी जहाजांवर जाणाऱ्या तरुणांना हा पोशाख चढवण्याचा सराव करावा लागतो.

आपल्या समुद्रासाठी काय?

मग हाच पोशाख नाट्याच्या मच्छीमाराला द्यावा काय? मुळीच नाही. कोकणच्या समुद्राचे पाणी साधारण २५ ते ३० अंशांचे असते. येथे थंडीने मिनिटांत मृत्यू येत नाही. उलट दमट उन्हात जाड फोमचा पोशाख घालून जाळे ओढणाऱ्याला उष्माघात होईल. आपल्याकडे माणूस मरतो तो बुडून, लाटांच्या माराने आणि थकव्याने.

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ हा तराफा मुंबईच्या समुद्रात बुडाला. त्यावरच्या २६१ जणांपैकी १८६ जणांना नौदलाने वाचवले. जाकिटांच्या आधाराने अनेकजण खवळलेल्या समुद्रात तासन् तास तरंगत राहिले होते. त्याच जाकिटांसह काहींचे मृतदेहही सापडले, हे विसरता येत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. पंधरा जण मृत्युमुखी पडले. प्रवाशांनी जाकीट घालणे सक्तीचे झाले ते त्यानंतर.

आता मूळ प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर. बर्फावरचा माणूस पोशाख घालतो, कारण तो त्याला रोज ऊब देतो. अपघात न झाला तरी घातल्याचा लाभ आहेच. नाट्याच्या मच्छीमाराला जाकीट रोज फक्त उकाडा देते. पट्टे जाळ्यात अडकतात, हात मागेपुढे करता येत नाहीत. म्हणून ते फळीखाली जाते. येथे लागणारे जाकीट हलके, हवा खेळती ठेवणारे, दोरात न अडकणारे आणि बेशुद्ध माणसाला उताणे करणारे हवे. वायूच्या लहान नळकांड्याने क्षणात फुगणारी पातळ जाकिटे मिळतात. ती काम करताना आड येत नाहीत, पण गळाच्या काट्याने फाटू शकतात, नळकांडे वेळोवेळी बदलावे लागते आणि किंमतही जास्त असते. वॉर्डने वल्हेकऱ्यासाठी पट्ट्या कापल्या, तसे आपल्या जाळे ओढणाऱ्यासाठी कोणीतरी अजून कापायचे आहे.

वर्गात करता येतील असे दोन उपक्रम सुचवतो. तीन सारख्या बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरून बुचे घट्ट लावा. एकीला कोरडा लोकरी मोजा घाला, दुसरीला ओला मोजा, तिसरीला फोमची गुंडाळी करून तिच्यावर पाणी ओता. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. कोंडलेल्या हवेचे महत्त्व आलेखच सांगेल. दुसरा उपक्रम किनाऱ्यालगतच्या शाळांसाठी. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातल्या दहा मच्छीमारांना ‘जाकीट का घालत नाही?’ असे न विचारता ‘कसे असेल तर घालाल?’ असे विचारावे. मिळालेली उत्तरे, जाकिटाचे वजन, पट्ट्यांची जागा आणि कामाच्या हालचाली यांची वहीत नोंद करावी. नवे जाकीट शिवायला बसणाऱ्याला पहिल्यांदा हीच वही लागणार आहे.