लिनक्सवरील फ्लॅश प्लेअर

फ्लॅश प्लेअर हे आधी मॅक्रोमीडिया व नंतर ॲडोबी या अमेरिकी कंपन्यांच्या मालकीचे, न्याहाळकाला जोडून चालणारे प्लगइन होते. संकेतस्थळांवरील ॲनिमेशन, चलचित्रे, खेळ व ध्वनी दाखवण्यासाठी सुमारे दोन दशके ते जगभर वापरले गेले. विंडोज व मॅक या प्रणालींवर त्याच्या नव्या आवृत्त्या नियमितपणे येत असत. लिनक्सवर मात्र त्या उशिरा येत, काही वेळा मधली आवृत्ती गाळली जाई, तर काही संगणकांसाठी अधिकृत आवृत्ती कधीच निघाली नाही. ज्या प्रणालीचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला आहे, तिच्या वापरकर्त्यांना आंतरजालाच्या एका मोठ्या भागासाठी एकाच कंपनीच्या निर्णयाची वाट पाहावी लागली. त्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात या प्रकरणाला महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

नव्वदच्या दशकाच्या मध्यास न्याहाळक प्रामुख्याने मजकूर व स्थिर चित्रे दाखवत. इतर प्रकारची सामग्री दाखवता यावी म्हणून नेटस्केप नॅव्हिगेटर २.० मध्ये प्लगइन जोडण्याची सोय करण्यात आली. तिची पद्धत पुढे एनपीएपीआय या नावाने ओळखली गेली व अन्य न्याहाळकांनीही स्वीकारली. १९९६ मध्ये फ्यूचरवेव्ह या लहान कंपनीने फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर हे उत्पादन बाजारात आणले. मॅक्रोमीडियाने ती कंपनी विकत घेतली आणि उत्पादनाला फ्लॅश हे नाव दिले. २००५ च्या अखेरीस मॅक्रोमीडिया ॲडोबीमध्ये विलीन झाली. त्याच वर्षी सुरू झालेल्या यूट्यूबने चलचित्रे दाखवण्यासाठी फ्लॅशचाच आधार घेतला. शिक्षण, बातम्या, जाहिराती व करमणूक या क्षेत्रांतील असंख्य संकेतस्थळे फ्लॅशवर उभी होती. फ्लॅश नसलेल्या संगणकावर त्यांच्या जागी रिकामी चौकट दिसत असे.

विलंबाची कारणे

प्रोग्रॅमरने लिहिलेला मजकूर म्हणजे सोर्स कोड. संगणक तो थेट चालवत नाही. विशिष्ट प्रोसेसर व विशिष्ट प्रणाली यांना समजेल अशा रूपात तो आधी कंपाइल करावा लागतो. सोर्स कोड खुला असेल, तर हे काम कोणीही करू शकतो. फायरफॉक्स न्याहाळक निरनिराळ्या प्रणालींवर पोहोचला तो याच मार्गाने. फ्लॅश प्लेअरचा सोर्स कोड बंदिस्त असल्याने हे काम केवळ मालक कंपनीच करू शकत होती. लिनक्सचे वापरकर्ते संख्येने कमी असल्याने व्यापारी दृष्टीने हे काम तातडीचे ठरत नसे.

तांत्रिक अडचणीही खऱ्या होत्या. विंडोज ही एका कंपनीची, एका साच्याची प्रणाली आहे, तर लिनक्स अनेक वितरणांमध्ये विभागलेले आहे. ध्वनीसाठी त्या काळात ओएसएस, अल्सा, ईसाउंड व आर्ट्स अशा अनेक व्यवस्था एकाच वेळी प्रचलित होत्या. यांपैकी कोणती निवडावी, हा फ्लॅशच्या अभियंत्यांपुढचा पेच होता. आवृत्ती ७ ओएसएसवर अवलंबून होती, तर आवृत्ती ९ साठी अल्साची निवड झाली.

परवान्याचाही अडसर होता. फ्लॅश प्लेअर विनामूल्य मिळत असे, पण त्याचे मुक्त पुनर्वितरण करण्यास परवानगी नव्हती. म्हणून डेबियनसारखी वितरणे प्लगइन स्वतः न देता, ते ॲडोबीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेणारे एक छोटे पॅकेज देत.

आवृत्ती ८ ची अनुपस्थिती

लिनक्ससाठी आवृत्ती ७ २००४ मध्ये उपलब्ध झाली. २००५ मध्ये विंडोज व मॅकसाठी आवृत्ती ८ आली. तीत ऑन२ या कंपनीचे व्हीपी६ हे अधिक चांगले चलचित्र-तंत्र होते, त्यामुळे अनेक संकेतस्थळांनी ती लगेच स्वीकारली. लिनक्ससाठी मात्र आवृत्ती ८ निघालीच नाही. नवी आवृत्ती उतरवून घ्या, अशी सूचना लिनक्सच्या वापरकर्त्याला पडद्यावर दिसे, पण ती आवृत्ती त्याच्यासाठी अस्तित्वातच नसे.

आवृत्ती ८ गाळून थेट ९ आणण्याचे ॲडोबीने ठरवले. २००६ च्या मध्यास विंडोज व मॅकवर आवृत्ती ९ आली. लिनक्ससाठी तिचे चाचणीरूप ऑक्टोबर २००६ मध्ये व अंतिम रूप जानेवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑक्टोबर २००८ मध्ये आवृत्ती १० तिन्ही प्रणालींवर एकाच वेळी आली, तेव्हा लिनक्स प्रथमच बरोबरीच्या स्थानावर आले.

६४-बिट संगणकांचा प्रश्न

२००३ मध्ये एएमडी कंपनीने ६४-बिट प्रोसेसर सर्वसामान्य ग्राहकांच्या आवाक्यात आणले. लिनक्सची वितरणे लवकरच ६४-बिट झाली. त्यांतील न्याहाळकही ६४-बिट होते, परंतु फ्लॅश ३२-बिटच राहिले. एनपीएपीआय पद्धतीत प्लगइन न्याहाळकाच्याच प्रक्रियेत चढवले जाई. ६४-बिट प्रक्रियेत ३२-बिट घटक चढवता येत नाही. विंडोजवर ही उणीव फारशी जाणवली नाही, कारण ६४-बिट विंडोजमध्येही नेहमीच्या वापराचा न्याहाळक ३२-बिटच असे.

यावर एनएसप्लगइनरॅपर ही मुक्त आज्ञावली उपयोगी ठरली. ती प्लगइनला वेगळ्या ३२-बिट प्रक्रियेत चालवी व न्याहाळक आणि प्लगइन यांच्यात दुभाष्याचे काम करी. या व्यवस्थेत अधूनमधून चित्राच्या जागी राखाडी चौकट उरे.

नोव्हेंबर २००८ मध्ये ॲडोबीने ६४-बिट आवृत्तीचे प्राथमिक रूप प्रसिद्ध केले. विशेष म्हणजे ते सर्वप्रथम लिनक्ससाठी होते. जून २०१० मध्ये ते मागे घेण्यात आले. त्यामुळे वापरकर्त्यांपुढे दोनच मार्ग उरले : सुरक्षेच्या ज्ञात त्रुटी असलेली जुनी प्रत चालू ठेवणे किंवा पुन्हा ३२-बिट प्लगइनकडे वळणे. सप्टेंबर २०१० मध्ये नवे चाचणीरूप आले आणि ऑक्टोबर २०११ मधील आवृत्ती ११ बरोबर ६४-बिट फ्लॅश अधिकृतपणे उपलब्ध झाले.

ध्वनिदोषाचे प्रकरण

बंदिस्त आज्ञावलीवर अवलंबून राहण्याचा अर्थ २०१० च्या उत्तरार्धातील एका घटनेतून स्पष्ट होतो. फेडोरा १४ या वितरणात ६४-बिट फ्लॅशमधून येणारा आवाज विकृत ऐकू येऊ लागला. कारण लवकरच सापडले. लिनक्सच्या सी-लायब्ररीत मेमकॉपी या फंक्शनची अंतर्गत रचना वेग वाढवण्यासाठी बदलण्यात आली होती. स्मृतीतील एका जागेवरची माहिती दुसरीकडे उतरवणे, हे या फंक्शनचे काम. मूळ जागा व नवी जागा एकमेकींवर येत असतील, तर मेमकॉपीऐवजी मेममूव्ह वापरावे, असा सी भाषेचा नियम आहे. फ्लॅशमध्ये तो पाळला गेला नव्हता. जुन्या रचनेत ही चूक झाकलेली राहिली, नव्या रचनेत ती उघडी पडली.

एखाद्या मुक्त आज्ञावलीत ही दुरुस्ती शब्दापुरती ठरली असती. येथे दोष कोठे आहे हे ठाऊक असूनही तो ॲडोबीखेरीज कोणालाच दुरुस्त करता येत नव्हता. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीही या चर्चेत भाग घेतला. नियम फ्लॅशने मोडला असला, तरी सामान्य वापरकर्त्याला त्याच्याशी कर्तव्य नसते, त्याला केवळ बिघडलेला आवाज ऐकू येतो, अशी त्यांची भूमिका होती. जुन्या पद्धतीने नक्कल करणारे एक छोटे पर्यायी फंक्शन फ्लॅशच्या आधी चढवून तात्पुरती सोय करता येते, हेही त्यांनी दाखवले.

अन्य प्रणाली

लिनक्ससाठीचे अधिकृत फ्लॅश एक्स८६ कुळातील प्रोसेसरांपुरते होते. पॉवरपीसी प्रोसेसरवर लिनक्स चालवणाऱ्यांना ते कधीच मिळाले नाही. फ्रीबीएसडी या प्रणालीसाठीही स्वतंत्र आवृत्ती निघाली नाही. तिचे वापरकर्ते लिनक्ससाठीची आवृत्ती अनुरूपता-स्तरावर चालवून आणि एनएसप्लगइनरॅपरची जोड देऊन काम भागवत. लिनक्सला उशीर झाला की फ्रीबीएसडीलाही आपोआप उशीर होई.

मुक्त पर्याय

केवळ वाट पाहत न बसता काही प्रोग्रॅमरांनी फ्लॅशला मुक्त पर्याय घडवण्याचे काम हाती घेतले. ग्नू प्रकल्पातील ग्नॅश, स्वतंत्रपणे विकसित झालेले एसडब्ल्यूएफडेक व नंतरचे लाइटस्पार्क हे त्यांतील प्रमुख होत. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने ग्नॅशचा समावेश आपल्या अग्रक्रमाच्या प्रकल्पांत केला होता. ग्नॅशचा भर फ्लॅशच्या जुन्या आवृत्त्यांवर होता. आवृत्ती ९ पासूनच्या ॲक्शनस्क्रिप्ट ३ या भाषेसाठी नवे आभासी यंत्र लागत असे. त्यावर लाइटस्पार्कने लक्ष केंद्रित केले.

या प्रकल्पांपुढे कायदेशीर अडचण होती. फ्लॅशच्या एसडब्ल्यूएफ फाइलरचनेचे तपशील ॲडोबीकडून मिळत, पण त्यांच्या आधारे प्लेअर तयार करण्यास परवान्यात मनाई होती. म्हणून प्रोग्रॅमरांना फाइलींचे निरीक्षण करून त्यांची रचना उलगडावी लागे. मे २००८ मध्ये ओपन स्क्रीन प्रकल्पाची घोषणा करताना ॲडोबीने ही मनाई उठवली. तरीही दर आवृत्तीबरोबर बदलणाऱ्या फ्लॅशला गाठणे या पर्यायांना पूर्णतः साधले नाही.

मुलांसाठी स्वस्त संगणक तयार करणाऱ्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाने आपल्या लिनक्स-आधारित यंत्रांसाठी ग्नॅशची निवड केली. भारतात या प्रकल्पाचा आरंभीचा प्रयोग २००७ मध्ये महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्यात खैराट येथील शाळेत झाला होता.

सिल्वरलाइट व मूनलाइट

फ्लॅशचा प्रतिस्पर्धी म्हणून मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये सिल्वरलाइट हे प्लगइन आणले. ते विंडोज व मॅकपुरतेच होते. लिनक्ससाठी नॉव्हेल कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने मूनलाइट हा मुक्त पर्याय विकसित केला. त्याची पहिली आवृत्ती फेब्रुवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. मात्र नेटफ्लिक्ससारख्या सेवा सिल्वरलाइटमधील प्रतिबंध-तंत्राद्वारे आपली चलचित्रे कुलूपबंद ठेवत आणि ते तंत्र मूनलाइटमध्ये नव्हते. त्यामुळे पर्याय असूनही मुख्य अडचण कायम राहिली. २०१२ मध्ये मूनलाइटचे काम थांबले. पुढे पाइपलाइट या आज्ञावलीने वाइनच्या साहाय्याने विंडोजसाठीचे सिल्वरलाइटच लिनक्सवर चालवून दाखवले.

विभाजन, पुनरागमन व अखेर

फेब्रुवारी २०१२ मध्ये ॲडोबीने जाहीर केले, की आवृत्ती ११.२ ही लिनक्ससाठीची शेवटची एनपीएपीआय आवृत्ती असेल. तिला पाच वर्षे केवळ सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार होत्या. त्यापुढील आवृत्त्या गूगलच्या पेपर पद्धतीत, म्हणजे क्रोम न्याहाळकाबरोबरच मिळणार होत्या. परिणामी लिनक्सवर फायरफॉक्स वापरणारे ११.२ वर थांबले. विंडोजवरील आवृत्तीक्रमांक तोवर २० च्या पुढे गेला. फ्रेशप्लेअर या मुक्त दुव्याद्वारे काहींनी क्रोममधील फ्लॅश फायरफॉक्समध्ये जोडून घेतले.

ऑगस्ट २०१६ मध्ये ॲडोबीने आपला निर्णय फिरवला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लिनक्ससाठी आवृत्ती २४ प्रसिद्ध केली. मुख्य हेतू सुरक्षेचा होता. त्रिमितीय चित्रांचा वेग वाढवणारी सोय व कुलूपबंद चलचित्रे दाखवण्याची क्षमता तीत नव्हती. चार वर्षांहून अधिक काळ वाट पाहिल्यानंतर ही बरोबरी साधली गेली, तेव्हा फ्लॅशचे दिवस भरत आले होते.

एप्रिल २०१० मध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्राद्वारे आयफोन व आयपॅडवर फ्लॅश न घेण्याची कारणे मांडली होती. नोव्हेंबर २०११ मध्ये ॲडोबीने भ्रमणध्वनींवरील न्याहाळकांसाठीचे फ्लॅश थांबवण्याचे ठरवले. जानेवारी २०१५ मध्ये यूट्यूबने एचटीएमएल५ ही मूलभूत पद्धत म्हणून स्वीकारली. जुलै २०१७ मध्ये फ्लॅशच्या समाप्तीची घोषणा झाली. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचे समर्थन संपले आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरमधून सामग्री चालणेही बंद झाले.

परिणाम

लिनक्सवरील ही प्रतीक्षा प्लगइन वेळेवर येऊ लागल्यामुळे संपली नाही. ती प्लगइनची गरजच उरली नाही म्हणून संपली. चलचित्र, ध्वनी व ॲनिमेशन यांच्या सोयी खुल्या मानकांद्वारे न्याहाळकातच आल्या. ती मानके कोणीही वाचून अमलात आणू शकत असल्याने नव्या प्रणालीला कंपनीच्या परवानगीची आवश्यकता राहिली नाही.

याला एक अपवाद आहे. सशुल्क चलचित्रांच्या संरक्षणासाठीचे ईएमई हे मानक सप्टेंबर २०१७ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने मंजूर केले. त्याद्वारे न्याहाळकात गूगलच्या वाइडवाइनसारखा बंदिस्त घटक चालवला जातो. या मार्गाने लिनक्सवर क्रोममध्ये २०१४ पासून नेटफ्लिक्स दिसू लागले. परंतु ज्या प्रोसेसर वा प्रणालीसाठी हा घटक तयार केला जात नाही, तिच्या वापरकर्त्यांची स्थिती फ्लॅशच्या काळापेक्षा फारशी वेगळी नाही.

दुसरा परिणाम जतनाशी संबंधित आहे. फ्लॅश बंद झाल्यावर त्यात तयार झालेले खेळ, ॲनिमेशन व शैक्षणिक साहित्य सर्वच प्रणालींवर एकाच वेळी अनुपलब्ध झाले. पूर्वी लिनक्सच्या वापरकर्त्यांपुढे येणारी रिकामी चौकट आता सर्वांच्याच वाट्याला आली. रस्ट भाषेत लिहिलेल्या रफल या मुक्त प्लेअरमुळे त्यांतील बराच भाग पुन्हा पाहता येतो. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने नोव्हेंबर २०२० पासून त्याच्या साहाय्याने जुन्या फ्लॅश कृती खुल्या केल्या. ग्नॅश व लाइटस्पार्क यांनी आरंभलेल्या प्रयत्नांचाच हा पुढचा टप्पा मानता येतो. रफल प्लगइनविना आधुनिक न्याहाळकात चालत असल्याने ते लिनक्स, विंडोज व मॅक या तिन्हींवर सारखेच उपलब्ध आहे.