पनवेल : मृत्यूचा दाखला कुठे मागायचा? अर्जाआधी हे वाचा

सातबाऱ्यावर वारस नोंद करायची तर मृत्यूचा दाखला लागतोच. नोंद मात्र राहत्या गावात नव्हे, मृत्यू जिथे झाला तिथे असते. गावात घरी मृत्यू झाला असेल तर ग्रामपंचायतीत. कामोठे, कळंबोलीच्या दवाखान्यात झाला असेल तर पनवेल महापालिकेत विचारा. अर्जात मृताचं पूर्ण नाव, तारीख व ठिकाण लिहा.

नोंदच केली नसेल तर? 21 दिवसांत ती मोफत होते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्यासाठी आधी ‘नोंद आढळत नाही’ असा लेखी दाखला घ्या.

आजोबा-पणजोबांची जुनी नोंद हवी असल्यास तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची (गाव नमुना 14) नक्कल मागा.