दमसासाची शर्यत

भोपाळहून नर्मदापुरमच्या दिशेने निघाले म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटरवर मंडीदीप लागते. आज ते रायसेन जिल्ह्यातील एक मोठे औद्योगिक नगर आहे. परंतु त्याच्या नावातील ‘दीप’ म्हणजे दिवा नव्हे, द्वीप होय. राजा भोजाने अकराव्या शतकात बांधविलेल्या विस्तीर्ण तलावातील हे एक बेट, अशी परंपरागत समजूत आहे. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने त्या तलावाचा बांध फोडविला. बांध फोडण्यास तीन महिने, तलाव रिता होण्यास तीन वर्षे आणि ती भूमी वस्तीयोग्य होण्यास तीस वर्षे लागली, असे तिकडील गोंड लोक सांगत आले. पाणी गेले, शेते आली. शेतांमागून गेल्या अर्धशतकात ट्रॅक्टरचे, औषधांचे आणि ग्रॅफाइटचे कारखाने आले. आता याच भोपाळ-मंडीदीप परिसरात अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या चिमुकल्या मोटारी घेऊन शर्यतीला उतरतात. या मोटारींना कार्ट म्हणतात. श्रोतेहो, या कार्टची, आणि विशेषतः तिच्या दीर्घ पल्ल्याच्या सांघिक शर्यतीची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

१९५६ हे वर्ष भोपाळच्या इतिहासात ठळक आहे. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला ते नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. आणि ज्या हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनीने पुढे या शहराचे रूप पालटले, तिची स्थापनाही त्याच वर्षी झाली. योगायोग असा की, पहिली कार्टदेखील त्याच वर्षी जन्माला आली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ग्लेन्डेल येथे आर्ट इंगल्स नावाचा एक कारागीर होता. मोठ्या शर्यतींच्या मोटारी बांधणाऱ्या कारखान्यात तो नोकरीस होता. लू बोरेली या मित्राच्या साहाय्याने त्याने नळ्यांचा एक सांगाडा जोडला, त्याला चार लहान चाके लावली आणि हिरवळ कापण्याच्या यंत्राचे छोटे इंजिन मागे बसविले. तो स्वतः अंगापिंडाने थोराड होता. अशा गृहस्थाला ते खेळणे पेलले, हे पाहून लोकांना नवल वाटले आणि मागणी सुरू झाली. १९६२ साली आंतरराष्ट्रीय मोटार संघटनेने या खेळासाठी स्वतंत्र मंडळच नेमले.

कार्टची रचना वरवर पाहता बाळबोध वाटते. तिला स्प्रिंगा नाहीत, छप्पर नाही. मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर पक्की बसविलेली असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावयाचे असते. पण आस एकच असल्यामुळे दोन्ही चाके सारखीच फिरतात. मग कार्ट वळते कशी? तिचा सांगाडा किंचित पिळवटतो, आतल्या बाजूचे मागचे चाक क्षणभर उचलले जाते आणि गाडी वळण घेते. म्हणजे या वाहनात सांगाडा हीच स्प्रिंग होय. रस्त्यावरचा प्रत्येक धक्का चालकाच्या बरगड्यांपर्यंत पोहोचतो, आणि अर्ध्या तासात मनगटे भरून येतात. दीर्घ शर्यत एकट्याच्याने होत नाही, याचे पहिले कारण हे.

दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीची कल्पना मात्र कार्टहून जुनी आहे. फ्रान्समधील ल मान्स येथे १९२३ च्या मे महिन्यात चोवीस तासांची पहिली शर्यत झाली. सर्वांत वेगवान मोटार कोणती, यापेक्षा सर्वांत भरवशाची मोटार कोणती, हे पाहणे हा तिचा हेतू होता. रात्रीच्या अंधारात दिवे टिकतात काय, खडबडीत रस्त्यावर जोड सैल होतात काय, याची ती परीक्षा होती. लागाश आणि लेओनार या दोघांनी आळीपाळीने मोटार हाकून २,२०९ किलोमीटर अंतर कापले व ते पहिले आले. निघालेल्या तेहेतीस मोटारींपैकी तीस शेवटपर्यंत टिकल्या, ही गोष्टही विजयाइतकीच बोलकी आहे. पुढे हाच दंडक कार्टच्या शर्यतींनी उचलला, आणि ल मान्सलाच कार्टच्याही चोवीस तासांच्या शर्यती होऊ लागल्या.

अशा शर्यतीचे गणित समजून घेण्याजोगे आहे. चालक किती वेळा बदलावयाचे, प्रत्येकाने किमान किती वेळ गाडी हाकावयाची, थांब्यावर किती वेळ घालवावयाचा, हे बहुधा नियमांनीच ठरलेले असते. हलक्या चालकाला शिशाचे वजन सोबत न्यावे लागते. बुटक्याच्या जागी उंच चालक आला की बैठक सारखी करावी लागते. एखादी फेरी अर्ध्या सेकंदाने लवकर पुरी करण्यासाठी जो टायर झिजवितो, तो शेवटच्या तासात अर्धा मिनिट गमावितो. साखळीचा ताण तपासणारा, इंधनाचा हिशोब ठेवणारा आणि घड्याळ हाती धरून फलक दाखविणारा यांपैकी कोणाचेही नाव विजयाच्या बातमीत छापले जात नाही. परंतु यांपैकी एक जरी चुकला, तरी चालकाचे कौशल्य व्यर्थ जाते.

मराठी श्रोत्याला हे सारे अनोळखी वाटण्याचे कारण नाही. याच भोपाळात १७३७ च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावाने निजामाला कोंडले. तो विजय एका धडाक्याच्या हल्ल्याचा नव्हता. रसद तोडावी, वाटा रोखाव्यात आणि शत्रूचा दम संपेपर्यंत आपला दम राखावा, अशी ती नीती होती. जानेवारी १७३८ मध्ये दुराहा सराईच्या तहाने तिचे फळ पदरात पडले. त्या फौजेत स्वतःचे घोडे आणणारे शिलेदार होते, तसे सरकारी घोड्यावर लढणारे बारगीरही होते. कार्टच्या शर्यतींतही हे दोन प्रकार दिसतात. कोणी भाड्याच्या एकसारख्या गाड्यांवर उतरतात. कोणी आपली गाडी आपण बांधून आणतात. विद्यार्थ्यांचे संघ हे या खेळातील शिलेदार होत.

या शिलेदारीला आपल्याकडे आता काही परंपरा लाभली आहे. मध्य प्रदेशातच पीथमपूर येथे २००७ पासून विद्यार्थ्यांनी बांधलेल्या खडतर रस्त्यांवरील गाड्यांची ‘बाहा’ स्पर्धा सुरू झाली. सर्व संघांना सारख्याच शक्तीचे इंजिन. बाकी सारे ज्याचे त्याने घडवावयाचे. आणि सर्वाधिक गुण चार तासांच्या अखंड दौडीला. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ तेथे मोठ्या संख्येने जात आले आहेत. कोइमतूरच्या ज्या धावपट्टीवर विद्यार्थ्यांच्या शर्यती होतात, तिला करिवर्धन या मोटारबांधणीतील कल्पक पुरुषाचे नाव आहे. कोल्हापुरानेही राष्ट्रीय कार्टिंगमध्ये आपले चालक पाठविले. उद्यमनगरातील लेथ आणि ओतशाळा यांच्या गावी हा खेळ रुजला, यात आश्चर्य ते काय!

आपल्या समाजात शतकानुशतके लेखणी एका हाती आणि हातोडा दुसऱ्या हाती राहिला. कागदावर यंत्र आखणारा पदवीधर आणि ते जुळविणारा मेस्त्री एकमेकांशी बरोबरीने बोललेच नाहीत. दमसासाच्या शर्यतीत हा भेद चालत नाही. ज्याने सांधा आखला, त्यालाच तो तिसऱ्या तासाला तुटलेला पाहावा लागतो व तेलकट हातांनी जोडावा लागतो. जो संघ बाजारातून तयार सांगाडा आणून त्यावर आपले नाव रंगवितो, त्याला करंडक मिळेलही. विद्या मिळत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. १९५५ साली ल मान्स येथे एक मोटार प्रेक्षकांत शिरून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेथे चालकांनी धावत जाऊन मोटारीत उडी मारावयाची व तत्काळ निघावयाचे, अशी प्रथा होती. घाईत पट्टा बांधणे राहून जाई. १९६९ साली जॅकी इक्स हा चालक निषेधार्थ मुद्दाम सावकाश चालत गेला, पट्टा नीट बांधून सर्वांच्या शेवटी निघाला. पहिल्याच फेरीत जॉन वुल्फ हा दुसरा चालक अपघातात ठार झाला. त्याने पट्टा बांधलेला नव्हता. चोवीस तासांनंतर इक्सचीच मोटार सुमारे सव्वाशे मीटरांनी पहिली आली. पुढच्या वर्षी ती प्रथा बंद झाली.

आपल्या देशात २०१८ साली पिंजौर येथे आणि २०२० साली हैदराबादेत, मौजेखातर कार्टमध्ये बसलेल्या तरुणींचे केस यंत्रात अडकून त्यांचे प्राण गेले. या शर्यती नव्हत्या, साधी करमणूक होती. फिरत्या भागांवर पक्के आवरण आणि शिरस्त्राणाखाली बांधलेले केस, एवढी खबरदारी त्या जीवांना वाचवू शकली असती. म्हणून शर्यतीपूर्वी गाडी तपासणारा परीक्षक एखाद्या संघाला परत पाठवितो, तेव्हा त्याला खाष्ट म्हणू नये. तोही त्या संघाचाच एक गडी असतो.

भोजाचा तलाव बांधावयास किती हात लागले असतील, याची नोंद कोठे नाही. तो फोडावयास तीन महिने पुरले. बांधणे आणि टिकविणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे, हा त्या भूमीचा जुना धडा आहे. तेथे आज कार्ट घेऊन उतरणाऱ्या मुलांनी पहिला क्रमांक अवश्य मिळवावा. पण संघातील सर्व माणसे धडधाकट आणि गाडी स्वतःच्या चाकांवर उभी, अशा स्थितीत ज्यांनी शेवटची रेघ ओलांडली, त्यांनाही आपण विजयी म्हणण्यास शिकले पाहिजे.