मुखवटा विकत मिळतो, सोंग मिळत नाही



माझा अभ्यास लाकडाचा आहे हे कळलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला जुनाच आहे: सागवान खरं की खोटं ते कसं ओळखायचं? दुसरा अलीकडे वाढलाय: "हॉलच्या भिंतीवर लावायला आफ्रिकन मुखवटा घ्यायचाय, तो अस्सल आहे हे कसं कळणार?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येतं: मुखवटा हातात घ्या आणि उलटा करून आतली बाजू बघा. पण असं का, हे समजून घ्यायचं तर थोडा इतिहास बघावा लागतो. गंमत म्हणजे त्यासाठी आपल्याला नाशिकपासून सुरुवात करता येते.

आपल्याकडचा शब्द: सोंग

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी या आपल्या तालुक्यांत आणि पलीकडे जव्हार-मोखाड्यात उन्हाळ्यात बोहाडा होतो. कुठे त्याला भवाडा म्हणतात, कुठे आखाडी. कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर अशा समाजांच्या गावांत रात्रभर चालणारा हा उत्सव. गणपती आणि सरस्वती आधी येतात. मग राम, लक्ष्मण, रावण, नरसिंह, भीम, खंडेराव, वेताळ असे एकेक येत राहतात, आणि पहाटे देवी महिषासुराला मारते. तोवर गाव जागं असतं.

आता गावातल्या लोकांचं बोलणं ऐका. "गणपतीचा मुखवटा आला" असं क्वचितच कोणी म्हणेल. म्हणतात, "गणपतीचं सोंग आलं." शहरात आपण 'सोंग' हा शब्द वाईट अर्थाने वापरतो, 'आजारपणाचं सोंग' वगैरे. बोहाड्यात मात्र सोंग म्हणजे पूर्ण वस्तू: तोंडावरचा मुखवटा, अंगावरचे कपडे, हातातली शस्त्रं, पायातली चाल, संबळ-सनईवर वाजणारा त्या त्या देवतेचा ठेका, मशालीचा उजेड, आणि तो मुखवटा चढवण्याचा मान. हा मान बऱ्याच गावांत ठरावीक घराण्यांकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेला असतो. मुखवट्याची आधी पूजा होते, मगच तो चढतो. उत्सव संपला की पुढच्या वर्षापर्यंत जपून ठेवला जातो.

म्हणजे मुखवटा हा सोंगाचा एक भाग. महत्त्वाचा आहे, पण भागच. हे लक्षात ठेवून आता समुद्र ओलांडू.

आफ्रिकेतलं सोंग

टांझानियाचा दक्षिण भाग आणि मोझांबिकचा उत्तर भाग यांच्यामधून रोवुमा नावाची नदी वाहते. तिच्या दोन्ही बाजूंना माकोंडे लोक राहतात. त्यांच्याकडे 'मापिको' नावाचा मुखवट्यांचा नाच आहे. मुलगे वयात येतात तेव्हाच्या संस्कारांशी तो जोडलेला आहे. मुखवटा टोपासारखा डोक्यावर चढतो. त्यावर कधी कधी खरे केस बसवलेले असतात, चेहऱ्यावरच्या गोंदणाच्या रेषा मेणाने उठवलेल्या असतात. नाचणाऱ्याचं बाकीचं अंग कापडाने पूर्ण झाकलेलं असतं, कारण आत माणूस आहे हे दिसायचंच नाही. जुना नियम असा की आत कोण आहे हे बायका-मुलांना ठाऊक नसावं. मुलाचा संस्कार झाला की मगच त्याला ते सांगितलं जाई. थोडक्यात, मुखवट्याच्या आत काय आहे हे कळणं म्हणजेच मोठं होणं.

शेजारच्या मलावी, झांबिया, मोझांबिकमध्ये चेवा लोकांचा 'गुले वामकुलु' आहे. युनेस्कोने 2005 साली त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. लक्षात घ्या, वारसा म्हणून नाव नोंदलं गेलं ते नाचाचं.

पश्चिम आफ्रिकेत तर कधी कधी लाकडी चेहरा लागतच नाही. नायजेरिया-बेनिनमधल्या योरुबा लोकांचं 'एगुनगुन' म्हणजे पूर्वजांचं सोंग. ते मुख्यतः कापडाचंच असतं. एकावर एक कापडाच्या पट्ट्या, आणि घरचे लोक वर्षानुवर्षं त्यात नवीन कापड जोडत जातात. तिथे पोशाख हाच मुखवटा.

आणि हे 'पारंपरिक आफ्रिकन कापड' दरवेळी आफ्रिकेतच विणलेलं असतं असंही नाही. नायजर नदीच्या मुखाजवळचे कालाबारी लोक 'इंजिरी' नावाचं चौकड्यांचं कापड परंपरेने वापरतात. ते विणलं जायचं आपल्या दक्षिण भारतात, मद्रासच्या बाजूला. कालाबारी बायका त्यातले काही धागे कापून ओढून काढतात आणि नवीनच नक्षी तयार करतात. त्यांच्या लेखी कापड त्यांचं होतं ते या कामानंतर. विणलं कुठे हा प्रश्न तिथे फारसा महत्त्वाचा नाही. ज्याला सगळीकडे 'आफ्रिकन प्रिंट' म्हणतात ते मेणाच्या छपाईचं कापडही जावाच्या बाटिकची नक्कल करून डच कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकात बाजारात आणलं होतं. आफ्रिकेतल्या बायकांनी त्यातले नमुने निवडले, त्यांना नावं दिली, अर्थ दिले, आणि ते आपलंसं केलं.

म्हणून 'अस्सल' हा शब्द वापरताना जरा जपून. अस्सलपणा कापडात किंवा लाकडात जितका असतो, त्याहून जास्त तो वापरात असतो.

शरणपूरची मुलं

आता परत नाशिकला येऊ. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो-येतो. हे शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीने 1850 च्या दशकात वसवलेली वस्ती. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिथले प्रमुख मिशनरी. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडायचं. त्यांतून सुटलेल्या आफ्रिकन मुला-मुलींपैकी अनेकांना साधारण 1860 पासून इथे ठेवण्यात आलं. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकवलं गेलं. इतिहासात ही मुलं 'नासिक बॉइज' या नावाने ओळखली जातात.

डेव्हिड लिव्हिंगस्टन हा प्रवासी 1866 साली शेवटच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर शरणपूरचे नऊ तरुण होते. मिकिंदानीच्या उपसागरात उतरून ते रोवुमाच्या दिशेने चालू लागले. झाडी इतकी दाट होती की वाट कापायला स्थानिक माकोंडे लोकांना कामाला लावावं लागलं. म्हणजे नाशिकमध्ये शिकलेली आफ्रिकन मुलं मापिकोच्याच मुलखातून चालत होती.

पुढे 1872 साली लिव्हिंगस्टनच्या मदतीला आणखी काही जण पाठवले गेले. त्यांत शरणपूरचा जेकब वेनराइट होता, जन्माने याओ. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याचं हृदय एका झाडाखाली पुरलं गेलं, आणि त्या झाडाच्या खोडावर जेकबने अक्षरं कोरली. खोडाचा तो तुकडा आज लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे आहे. सोबत्यांनी देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणला. जेकब इंग्लंडपर्यंत बरोबर गेला, आणि 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटी धरणाऱ्यांमध्ये तोही होता. शवपेटीजवळचा त्याचा फोटो उपलब्ध आहे. अंगात युरोपीय धाटणीचे कपडे आहेत.

हा फोटो मला मुखवट्यांच्या संदर्भात महत्त्वाचा वाटतो. या मुलांना गुलामगिरीतून सोडवलं गेलं, हातात कसब दिलं गेलं, हे खरंच. पण नावं नवी मिळाली, कपडे नवे मिळाले. त्यांच्यातल्या मॅथ्यू वेलिंग्टनचं जन्मनाव चेंगविम्बे होतं. शिवाय बरीचशी मुलं लहान वयातच पकडली गेली होती. जिथे मुखवट्याच्या आतलं गुपित वयात आल्यावर सांगायची रीत होती, तिथून उचललेल्या मुलाला ते सांगणारं कोणी उरलंच नाही. त्याच्या हातात पुढे कोणी मुखवटा आणून ठेवला असता, तरी सोंग परत मिळालं नसतं.

1874-75 मध्ये यांतली बरीच माणसं प्राइस यांच्या पुढाकाराने मोंबासाजवळ फ्रियर टाउनला जाऊन राहिली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव त्या वस्तीला दिलेलं होतं. तिथे त्यांना काय म्हणत? 'बॉम्बे आफ्रिकन्स'. आफ्रिकेत परतल्यावरही ओळख मुंबईची!

वस्तू कुठे गेल्या?

माणसं अशी विखुरली त्याच काळात आणि त्यानंतर मुखवटे युरोपात जाऊ लागले. कोणी विकत घेतले, कोणी भेट म्हणून घेतले, कोणी लुटले. 1897 साली ब्रिटिश फौजेने आजच्या नायजेरियातलं बेनिन शहर लुटलं. राणी इदियाचा हस्तिदंती मुखवटा तेव्हाच ब्रिटनला गेला. 1977 च्या लागोसमधल्या मोठ्या आफ्रिकन कला महोत्सवाचं ते बोधचिन्ह होतं. नायजेरियाने तेवढ्यापुरता तरी तो मागितला, पण मिळाला नाही.

नेताना बहुतेकांनी फक्त लाकडी चेहरा नेला. कापड, गवताच्या झालरी, पिसं काढून टाकली किंवा वाटेत खराब झाली. म्हणून संग्रहालयांतल्या कित्येक मुखवट्यांच्या कडेला आज नुसती भोकं दिसतात. ती पोशाख बांधायची भोकं आहेत.

दोन ताजी उदाहरणं सांगतो. एक माकोंडे मुखवटा 1984 साली दार-ए-सलामच्या राष्ट्रीय संग्रहालयातून चोरीला गेला. जिनिव्हाच्या बार्बिये-म्युलर संग्रहालयाने तो पुढच्याच वर्षी विकत घेतला. टांझानियाला तो परत मिळायला 2010 साल उजाडलं. दुसरं फ्रान्सचं. एका वृद्ध जोडप्याने घरातला जुना मुखवटा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला 150 युरोंना विकला. 2022 मध्ये लिलावात त्याला 42 लाख युरो मिळाले. तो गॅबॉनमधल्या फांग लोकांचा 'न्गिल' मुखवटा होता. गावातले अपराधी शोधून काढणाऱ्या न्गिल मंडळाचे लोक तो घालायचे. जोडपं कोर्टात गेलं आणि 2023 मध्ये हरलं. गॅबॉनने हक्क सांगितला, तोही मान्य झाला नाही. न्याय करणाऱ्या मुखवट्याच्या बाबतीत, ज्यांचा तो होता त्यांचं म्हणणं निकालात कुठेच बसलं नाही.

मग घ्यायचा की नाही?

घ्या की! फक्त काय घेताय ते समजून घ्या. लाकडाच्या अभ्यासातून सुचलेल्या चार गोष्टी:

एक, वजन बघा. रात्रभर नाचायचा मुखवटा हलक्या लाकडाचाच असतो. आपल्याकडे बोहाड्यासाठी पांगारा-सावरीसारखं हलकं लाकूड किंवा कागदाचा लगदा वापरतात, तेही याच कारणाने. दुकानातला काळाकुळकुळीत, जडशीळ 'माकोंडे मुखवटा' बहुधा म्पिंगोचा असतो. हे झाड आपल्या शिसवाचंच भाऊबंद. त्याचं लाकूड इतकं घट्ट की पाण्यात बुडतं. असा मुखवटा डोक्यावर कोणी घातलेला नाही, तो पहिल्यापासून विक्रीसाठीच केलेला आहे. त्यात वाईट काही नाही, पण त्याला 'विधीतला' म्हणून पैसे देऊ नका. शिवाय शिसवाची ही सगळी प्रजात 2017 पासून वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली आहे, तेव्हा परदेशातून आणताना नियम तपासा.

दोन, आतली बाजू बघा. वापरलेल्या मुखवट्याच्या आत कपाळ, नाक, हनुवटी टेकून झिजलेल्या, गुळगुळीत झालेल्या जागा असतात. बांधायच्या भोकांच्या कडा दोरीने घासलेल्या असतात. पुढून सुंदर आणि आतून कोरा करकरीत असेल, तर तो भिंतीसाठीच केलेला आहे.

तीन, 'दोनशे वर्षं जुना' या शब्दांना भुलू नका. धुरात टांगून किंवा मातीत पुरून लाकूड काही महिन्यांत जुनं दिसायला लागतं. कार्बन चाचणीचाही इथे मर्यादित उपयोग. ती लाकूड झाडात कधी तयार झालं ते सांगते, मुखवटा कधी कोरला ते नाही. त्यात साधारण 1650 नंतरच्या काळात तिची उत्तरं फार मोघम येतात.

चार, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं: मुखवटा खरंच जुना आणि वापरातला असेल, तर तो मूळ गावातून बाहेर कसा आला ते विचारा. कोणी विकला, कधी, कागद आहे का? उत्तर नीट मिळालं नाही तर तो तिथेच ठेवा. त्यापेक्षा जिवंत कारागिराने आज केलेला मुखवटा त्याच्या नावासकट विकत घ्या. पैसे योग्य माणसाकडे जातात आणि कोणाचा देव भिंतीवर येत नाही.

हाच नियम आपल्या घराजवळही लावा. जव्हारकडचे कारागीर विक्रीसाठी मुखवटे करतात, ते जरूर घ्या. पण एखाद्या गावातला पूजेतला जुना मुखवटा 'स्वस्तात मिळतोय' असं कोणी सांगितलं, तर तो गेल्यावर पुढच्या वर्षी त्या गावात कोणतं सोंग निघणार नाही, हे आधी विचारा.

आणि उन्हाळ्यात एक रात्र काढून बोहाडा बघून या. त्यानंतर संग्रहालयातला कुठलाही मुखवटा बघताना, त्याच्या खाली काय काय नाहीये ते तुमचं तुम्हालाच दिसेल.