पायाखालचा बांध कुणाचा?

रायगड जिल्ह्यात चालायला जायचं म्हटलं की डोळ्यासमोर किल्ले येतात. चढ, दम, माथा, फोटो. याच जिल्ह्यात चालण्याची आणखी एक जागा आहे आणि तिथे चढ नावाची गोष्टच नाही. वडखळहून अलिबागच्या रस्त्याला लागलात की धरमतरच्या पुलाखाली अंबा नदी दिसते. सह्याद्रीत उगम पावून पाली, नागोठण्यावरून येते तोवर ती नदी असते. इथे पोचेपर्यंत तिची खाडी झालेली असते. दिवसातून दोनदा तिचं पाणी समुद्राकडून उलटं वर चढतं. तिच्या दोन्ही अंगांना जो सपाट मुलूख पसरलाय, तो खारेपाट. पेण आणि अलिबाग तालुक्यांतली कितीतरी गावं या पट्ट्यात येतात.

इथल्या मातीच्या बांधावरून कुणालाही चालता येतं. आजीलाही, शाळकरी पोरांनाही. एका हाताला खाडी, चिखल, खारफुटी, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या. दुसऱ्या हाताला भातशेती. हिवाळ्यात बगळे, शेकाटे, खंड्या सोबतीला. पण जरा थांबून दोन्हीकडच्या पातळ्या बघा. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी शेतापेक्षा उंच असतं. म्हणजे तुम्ही ज्या वाटेवरून चालताय ती वाट म्हणून बांधलेलीच नाही. ती भिंत आहे. ती नसती तर डावीकडे जे आहे तेच उजवीकडेही असतं.

ही भिंत कुणा राजाने एका दमात उभारलेली नाही. गावकऱ्यांनी, त्यातही मुख्यतः आगरी शेतकऱ्यांनी, पिढ्यानपिढ्या खाडीचाच चिखल उपसून तो थरावर थर रचला. बांध घातला म्हणून लगेच भात पिकत नाही. जमिनीत मुरलेलं मीठ पावसाने धुऊन जावं लागतं आणि त्याला काही पावसाळे जातात. तेवढे दिवस काम करायचं आणि पीक मात्र घ्यायचं नाही. म्हणूनच मराठेशाहीत पडीक जमीन लागवडीखाली आणणाऱ्याला इस्ताव्याने जमीन देत. सुरुवातीला नाममात्र सारा, मग दरवर्षी थोडा थोडा वाढवत पुऱ्या आकारापर्यंत. खाजणासारख्या जमिनीला अशी सवलत मिळाल्याशिवाय हात कोण लावणार?

बांधात ठिकठिकाणी उघाड्या असतात. उघाडी म्हणजे पाण्याचं दार. ओहोटीला खाडीचं पाणी खाली गेलं की शेतातलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. भरती आली की खाडीचंच पाणी ते दार बाहेरून दाबून बंद करतं. वीज नाही, मोटर नाही. उघाडीवरून बांध ओलांडताना खाली वाकून बघा, सगळं गणित तिथे दिसतं.

पण मातीचा बांध एकदा घालून भागत नाही. खेकडे त्यात बिळं करतात, लाटा पायथा खातात, पाऊस माथा झिजवतो. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. तेव्हा एखादी कच्ची जागा सापडली की बांधाला खांड पडते. खांड म्हणजे भगदाड. ते त्याच ओहोटीत बुजवलं नाही तर पुढची भरती ते दुप्पट रुंद करते. एकट्याने बुजवण्याचं हे काम नव्हे. सगळा गाव घमेली, फावडी घेऊन धावायचा, कारण खारं पाणी एकदा आत आलं की ते कुणाचं शेत म्हणून थांबत नाही.

बांध राखण्याचे कष्ट गावाचे. जमीन मात्र बहुतेक ठिकाणी गावाची नव्हती. ती खोतांची आणि सावकारांची होती. कूळ राबायचं आणि पिकाचा मोठा वाटा खंड म्हणून खोताच्या घरी जायचा. कबुलायतीच्या कागदावर काय लिहिलंय हे अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नसे. खंडाखेरीज वेठ होती, वेगवेगळ्या निमित्तांनी उकळणी होती. ज्याच्या आजोबाने खाडी हटवून ते शेत तयार केलं, त्याला तिथून कधीही उठवता यायचं.

याच पट्ट्यातल्या चरी या गावात २७ ऑक्टोबर १९३३ ला शेतकऱ्यांची सभा झाली. पुढारी होते नारायण नागू पाटील. ठरलं असं, की खोताची जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावं या संपात उतरली. गिरणी बंद ठेवली तर मालकाचा नफा बुडतो. शेत बंद ठेवलं तर आधी आपल्याच घरची चूल विझते. हे ठाऊक असूनही हा संप सहा वर्षं, १९३९ पर्यंत चालला. लोकांनी डोंगरातून लाकूडफाटा आणून विकला, खाडीतल्या मासळीवर दिवस काढले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मोर्चा घेऊन मुंबईत धडकले. १९३९ च्या कायद्याने 'संरक्षित कूळ' ही कल्पना पहिल्यांदा आणली. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणाऱ्याला मालक मानलं गेलं.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण शेताचा प्रश्न सुटत असताना बांधाचा प्रश्न वेगळ्याच वाटेने चालला होता. १९४८ मध्ये मुंबई राज्याने खार जमिनींसाठी कायदा केला, १९७९ मध्ये महाराष्ट्राने नवा केला. बांध हळूहळू सरकारी योजनेत गेले. हेतू चांगला होता. समुद्राशी झुंजायचा खर्च गरीब शेतकऱ्याने एकट्याने का सोसावा? पण खांड ओहोटीच्या सहा तासांत बुजवावी लागते आणि निविदा सहा तासांत निघत नाही. दरम्यान घरातली तरुण पोरं कारखान्यात, मुंबईत, पनवेलला कामाला लागली. फावडं घेऊन धावणारे हातही कमी झाले.

बांध फुटलेल्या शेतात काही वर्षं पीक येत नाही. तिथे खारफुटी रुजते. किनारा राखायला खारफुटी हवीच, म्हणून तिला कायद्याचं संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. पण एकदा ती शेतात वाढली की तोडता येत नाही. सातबाऱ्यावर शेत, जमिनीवर जंगल. आणि अशा नापीक जमिनीकडे बोट दाखवून म्हणता येतं, इथे काही पिकत नाही, उद्योगाला देऊन टाका.

पेण तालुक्यातल्या २२ गावांनी हे अनुभवलंय. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी त्यांच्या जमिनी हव्या होत्या. गावकऱ्यांचं म्हणणं होतं, आम्हाला हेटवणे धरणाचं पाणी द्या, बघा पिकतं की नाही. २१ सप्टेंबर २००८ ला सरकारने तिथे शेतकऱ्यांचं मत अजमावलं. जमीन द्यायची की नाही, हे जमीनवाल्यांना मतपेटीतून विचारलं जाणं आपल्याकडे विरळाच. पुढे तो प्रकल्प बारगळला. चरीच्या संपानंतर पंचाहत्तर वर्षांनी प्रश्न तोच होता: ही जमीन कुणाच्या शब्दाने चालणार?

तेव्हा भात कापून झालं की डिसेंबर-जानेवारीत एकदा खारेपाटात जा. भरती-ओहोटीची वेळ बघून निघा, उधाणाचे दिवस टाळा, बांधावर गाडी घालू नका. आणि चालताना डावी-उजवीकडे लक्ष ठेवा. जिथे बांधाच्या आतल्या अंगाला भाताच्या खुंटांऐवजी खारफुटीची रोपं दिसतील, तिथे खांड पडली होती आणि ती वेळेत बुजली नाही. जिथे बांधाच्या माथ्यावर ताजा, ओला, बोटांचे ठसे उमटलेला चिखल दिसेल, तिथे नुकतंच कुणीतरी येऊन गेलंय. त्या जागेवरून जरा जपून पाय टाका.