खतियानातले नाव

महसूल खात्यात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस निवृत्त झाला, तरी लोक त्याच्याकडे जमिनीचे कागद घेऊन येतच राहतात. भिलाईच्या मुक्कामात मला याचा पुन्हा अनुभव आला. शेजारच्या सेक्टरमधील एक निवृत्त शिक्षिका एका संध्याकाळी तीन कागद घेऊन आल्या. त्या उराँव समाजाच्या, धर्माने कॅथलिक. पहिला कागद पणजोबांच्या नावाच्या खतियानाची नक्कल, दुसरा आजोबांच्या बाप्तिस्म्याचा चर्चच्या वहीतील उतारा आणि तिसरा वडिलांच्या भिलाई कारखान्यातील सेवेचा दाखला. "साहेब, या तीन कागदांत माझे सारे घराणे आहे. पण मी यांत कोठे आहे?" त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. ते शोधताना जो इतिहास हाती लागला, तो येथे मांडतो.

खतियान म्हणजे आपल्या सातबाराचा पूर्वेकडील भाऊबंद. त्यात रैयताचे नाव, खाते, जमिनीचे तुकडे आणि लगान लिहिलेले असते. या बाईंचे मूळ गाव गुमला भागातले. तो भाग तेव्हा रांची जिल्ह्यात होता. जंगल तोडून शेत तयार करणारे मुंडा आणि उराँव तेथे स्वतःला जमिनीचे धनी समजत. पुढे राजाने बाहेरून आणलेले जागीरदार आणि ठेकेदार वर बसले, आणि मूळचे धनी कुळे झाले. लगान वाढू लागला. भरलेल्या लगानाची पावती मिळत नसे. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबण्याची, म्हणजे बेगारीची सक्ती होती. न्यायालयात जावे, तर भाषा परकी, वकील परका आणि हाती कागद नाही. ज्याच्याकडे कागद नाही, त्याची बाजू कितीही खरी असली तरी कचेरीत ती लंगडीच ठरते, हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे.

या परिस्थितीत १८८५ साली कॉन्स्टंट लीव्हन्स नावाचा बेल्जियन जेझुइट पाद्री तोरपा येथे आला. कुळांच्या तक्रारींचे मूळ जमिनीत आहे, हे त्याने ओळखले आणि तो कायद्याच्या अभ्यासाला लागला. लगानाची पावती मागा, कायद्यापेक्षा अधिक बेगारी करू नका, असे तो कुळांना सांगे आणि त्यांच्या दाव्यांत त्यांना सल्ला देई. त्याच्या सात वर्षांच्या वास्तव्यात हजारो उराँव आणि मुंडा कुटुंबे कॅथलिक झाली. १८९३ साली तो क्षयाने मायदेशी वारला. या धर्मांतरामागे श्रद्धा किती आणि खटल्यातील आधार किती, यावर तेव्हापासून वाद आहेत. मला वाटते, ज्याच्या मागे कोणीच उभे नाही, त्या कुळाला या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नसाव्यात.

१८९९-१९०० मध्ये बिरसा मुंडाचा उलगुलान झाला. जमिनीचा प्रश्न आता टाळता येणार नाही, हे सरकारला त्यानंतर कळले. रांची जिल्ह्याची मोजणी झाली, हक्कनोंदी तयार झाल्या आणि १९०८ साली छोटानागपूर कुळ कायदा आला. त्याच्या घडणीत जॉन हॉफमन या जर्मन जेझुइटाच्या मुंडा जमीनपद्धतीच्या ज्ञानाचा उपयोग झाला. याच हॉफमनने १९०९ साली कॅथलिक शेतकऱ्यांसाठी सहकारी पतसंस्था काढली. कारण कायद्याने वाचवलेली जमीन सावकाराच्या वहीतून जाऊ शकते, हे त्याने जाणले होते. आदिवासी रैयताची जमीन बिगर आदिवासीकडे जाऊ नये, अशी तरतूद या कायद्यात आहे. बाईंच्या पणजोबांचे नाव खतियानात चढले ते याच मोजणीत. अक्षरओळख नसलेल्या त्या माणसाचे सरकारदरबारी लिहिले गेलेले बहुधा ते पहिलेच नाव असावे.

जमीन राहिली, पण ती वाटत वाटत लहान होत गेली. उराँव माणसे आसामच्या चहामळ्यांकडे जातच होती. स्वातंत्र्यानंतर त्यांना आणखी एक वाट मिळाली. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यातील भाताच्या शेतांवर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराचे लोहखनिज आणि मुंबई-हावडा लोहमार्ग, या सोयींमुळे ही जागा निवडली गेली. येथे देशभरातून माणसे आली. आपल्या नागपूर-विदर्भातूनही आली. मिशनच्या शाळेत शिकलेले बाईंचे वडील मजूर म्हणून आले आणि कायम कामगार म्हणून निवृत्त झाले. पगार, सेक्टरमधील घर, दवाखाना, मुलींना शाळा: पणजोबांना जे जमिनीने दिले नाही, ते वडिलांना पोलादाने दिले. मात्र कारखान्यासाठी ज्यांची भातशेती गेली, तेही शेतकरीच होते, हे भिलाईत राहणाऱ्याने विसरू नये.

आता बाईंचा प्रश्न. वडिलांना मुलगा नव्हता. त्यांच्या पश्चात गावच्या चुलतभावांनी सांगितले की रूढीप्रमाणे मुलीला जमीन मिळत नाही. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. बाई ख्रिस्ती, म्हणून १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा पाहावा, तर अधिसूचनेने उराँवांना त्यातूनही वगळलेले. उरली ती रूढी. पणजोबांना जमीनदारापासून वाचवणारा १९०८ चा कायदासुद्धा वारशाबाबत पुरुष वंशाचाच विचार करतो. त्यातील या तरतुदींना सर्वोच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत एक उराँव ख्रिस्ती स्त्रीच होती. १९९६ च्या निकालात न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या नाहीत, पण कुटुंबातील स्त्रियांचा उपजीविकेचा हक्क टिकेल तोवर पुरुष वारसांचा एकाधिकार स्थगित राहील, असे ठरवले. १७ जुलै २०२५ रोजी याच न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात आणखी पुढे जाऊन सांगितले की, स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल, तर तिला वारसा नाकारणे समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे. प्रत्येक दाव्याचे तथ्य वेगळे असते. तरीही दार किलकिले झाले आहे.

आपणही फार वेगळे नव्हतो. मुंबई राज्यात १९४८ च्या कुळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कूळ मालक झाले. सातबारावर नाव मात्र बहुतेक ठिकाणी पुरुषाचेच चढले. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि देशाने २००५ साली. कुळाला न्याय देताना आपण कुटुंबाला एक माणूस समजलो, आणि तो माणूस म्हणजे कर्ता पुरुष. हा दोष एखाद्या कारकुनाचा नव्हता. नमुन्यात रकानाच एक होता.

मी बाईंना वंशावळ तयार करून वारसनोंदीचा अर्ज द्यायला सांगितले. बाप्तिस्म्याचा उतारा यात फार उपयोगी पडतो, कारण चर्चच्या वहीत मुलगा आणि मुलगी दोघांचीही नावे सारख्याच शाईने लिहिलेली असतात. जमीन विकायची आहे का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "नाही साहेब. कसतात ते भाऊच कसोत. पणजोबांच्या कागदाखाली एकदा माझे नाव यावे, एवढेच."

अर्ज गेला आहे. कचेरीचे उत्तर अजून यायचे आहे.