रजा कुणी लिहून ठेवली?

खर्डीहून बोलतोय. मधेमधे कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या.

मी सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन लिहितो. म्हणजे प्रोग्राम काय करतो, कसा वापरायचा, हे साध्या शब्दांत मांडायचं. मधे एक काम आलं, रजेचं. कर्मचारी चॅटमध्ये लिहिणार, 'सोमवारी सुट्टी हवी', आणि पुढचं सगळं एआय एजंट बघणार. शिल्लक रजा तपासणार, अर्ज नोंदवणार, मंजूर करणार किंवा परत पाठवणार. त्यासाठी त्याला 'टूल्स' दिलेली असतात. प्रत्येक टूलला एक नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती भरायची त्याची यादी. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' खुला केला, तेव्हापासून अशी टूल्स एजंटला जोडायची एक सामायिक पद्धत रुळू लागली.

यातली मेख अशी, की टूलच्या आतला कोड एजंटला सहसा दिसत नाही. त्याला दिसतं ते वर्णन. ते लिहिणारा मी.

मी लिहिलं होतं, 'रजेचा अर्ज नोंदवते. अर्ज रजेच्या तारखेआधी आलेला असावा.' झालं. पुढे पावसाळ्यात आमच्या भागातला एक सहकारी तापाने पडला. राहायला पाड्यावर, तिथे मोबाईलला रेंज धड नाही. तिसऱ्या दिवशी उठून त्याने अर्ज केला. एजंटने अगदी गोड भाषेत नाकारला, कारण तारीख उलटून गेली होती. दोन दिवसांचा पगार कापला गेला. सगळे म्हणाले, एआयने घोळ घातला. पण एआयने माझं वाक्य इमानदारीत पाळलं होतं. घोळ माझ्या वाक्यात होता.

ते दुरुस्त करायला बसलो आणि डोक्यात आलं, रजेबद्दलची वाक्यं आपल्याकडे आधी लिहिली कुणी?

शोधत गेलो तर माणूस भेटला तो आपल्याच जिल्ह्यातला. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म ठाण्याचा, १८४८ चा. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. तेव्हा मुंबईच्या गिरण्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालायच्या आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. १८८४ मध्ये सरकारचं फॅक्टरी कमिशन बसलं, तेव्हा लोखंड्यांनी कामगारांची सभा घेतली आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या नेमक्या होत्या. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. प्रत्येक मागणीत आकडा किंवा मुदत आहे बघा, पळवाट नाही. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली, त्यात दोन स्त्रियांनीही भाषणं केली. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आलीच.

पण रविवार सगळ्यांचा. माझी एकट्याची रजा कोण देणार? गिरणीत त्याचं उत्तर होतं जॉबर. कामगार गावी गेला, की त्याच्या जागी बदली कामगार उभा राहायचा. परत आल्यावर जागा मिळणार की नाही, हे बऱ्याचदा जॉबरच्या मर्जीवर. तोच त्या काळचा एजंट म्हणा ना! फक्त त्याचे नियम त्याच्या डोक्यात होते, कुणाला वाचता येत नव्हते.

ते नियम कागदावर आणले १९४८ च्या कारखाने अधिनियमाने. वर्षात २४० दिवस काम केलं, तर पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. हे आकडे बऱ्याच जणांना माहीत असतात. मी अडकलो ते कलम ७९ च्या पोटकलमांत. अर्ज १५ दिवस आधी करावा, असं तिथे आहे. पण आजारपणासाठी रजा हवी असेल, तर अर्ज वेळेत आला नाही तरी ती द्यायची, हेही आहे. नियमाप्रमाणे केलेला अर्ज ठरलेल्या योजनेबाहेर जाऊन नाकारता येत नाही. शिल्लक रजा एरवी ३० दिवसांपर्यंतच पुढच्या वर्षात नेता येते, पण मागून नाकारलेली रजा कितीही पुढे नेता येते.

म्हणजे माझ्या सहकाऱ्याचा ताप कायदा लिहिणाऱ्यांना आधीच दिसला होता. मला दिसला नाही.

आता तो कायदा नव्या कामगार संहितेत विलीन झालाय. आणि माझी कंपनी कारखाना नाहीच, तिला महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागतो, ज्यात वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा आहे. पण वर्णन कसं लिहायचं ते मी त्या जुन्या कलमाकडून शिकलो. आता टूलवर असं लिहिलंय, 'आजारपणाचा अर्ज तारीख उलटल्यावरही स्वीकारावा. नियमात न बसणारा अर्ज स्वतः नाकारू नये, माणसाकडे पाठवावा. नकार आला तर कोणत्या नियमाने, ते अर्जदाराला सांगावं.' सहकाऱ्याचे दोन दिवसांचे पैसे पुढच्या पगारात आले. तोपर्यंत त्याने उसनवारी केली होती, ती मात्र मला नंतर कळली.

तुमच्या ऑफिसात रजेसाठी बॉट असेल, तर त्याला एकदा विचारून बघा, 'तू नाही म्हणालास तर मी कुणाकडे जाऊ?' काय उत्तर येतं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.